पंपामागची विहीर

नमुना घ्यायला जायच्या दिवशी केसांना तेल लावायचं नाही. अंगाला पावडर नाही, हाताला क्रीम नाही. आदल्या संध्याकाळपासून कुणाच्या स्कूटरवर बसायचं नाही, रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचा नाही, सकाळचा चहा टपरीवर घ्यायचा. पाण्यात जे शोधायचंय तेच आपल्या हाताला असलं, तर सापडतं ते आपलंच. हे मला उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सरांनी शिकवलं. त्यांचं नाव लिहीत नाही. माझ्या बाटल्या ते कॉलेजच्या वेळेत, प्राचार्यांना न सांगता तपासायचे आणि त्यांची पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.

नव्वद सालाच्या आगेमागे, सलग तीन वर्षं, महिन्यातल्या एका शनिवारी मी उजाडायच्या आत खोलीतून सायकल काढायचे. कॅरियरला लाकडी खोका. खोक्यात भुसा आणि भुशात तपकिरी काचेच्या बाटल्या, सरांनी भट्टीत तापवून दिलेल्या. पिशवीत सुतळीचं गुंडाळं, टोकाला शिशाचं वजन आणि दर वितीला गाठ. एक वही आणि शिसपेन्सिल, कारण ओल्या हाताने पेनची शाई पसरते. परतताना गोळेवाल्याकडून बर्फाचा तुकडा घेऊन फडक्यात बांधायचा आणि बाटल्यांवर ठेवायचा. कित्येक शनिवारी त्या गोळेवाल्याशी बोलले तेवढंच काय ते दिवसभरातलं बोलणं.

जागा चार होत्या. त्यांचा क्रम बदलायचा नाही: आधी स्वच्छ, शेवटी घाण, म्हणजे एकीकडचं दुसरीकडे जात नाही. पहिली पालेगावच्या वाटेवर, शेतातली विहीर, पंपापासून लांब आणि वरच्या अंगाला. मग रस्त्यापलीकडचा हातपंप. तो आधी दहा मिनिटं हापसून घ्यायचा, कारण पाइपात अडकलेलं पाणी म्हणजे जमिनीतलं पाणी नव्हे. मग एका गॅरेजची बोअर. आणि शेवटी पेट्रोल पंपाच्या मागची, वस्तीची विहीर. पंप अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधला. नेमका कुठला ते आता सांगत नाही. तेव्हा सांगून झालंय, ठळक टायपात.

त्या ठळक टायपापासूनच सगळं बिघडलं.

आमची संघटना म्हणजे सात माणसं आणि उसना आणलेला एक डुप्लिकेटर. नाल्याचा रंग, कारखान्यांचा धूर, रात्रपाळीवाल्यांचा खोकला, सगळ्यावर आम्ही पत्रकं काढायचो आणि ती लिहायचं काम माझं. मी बीएस्सी शेवटच्या वर्षाला सोडलेली, वय तेवीस, राग भरपूर. संघटनेच्या पत्त्यावर एक दिवस पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळेतल्या मुलीचं, मजकूर मोठ्यांनी सांगितलेला: ‘आमच्या भाताला पंपाचा वास येतो. कोणी येऊन बघावे.’ बाकीच्यांना वेळ नव्हता. मी गेले.

चाळीसेक घरं होती. बौद्ध वस्ती. पुरुष बहुतेक कारखान्यांत, दोनचार रेल्वेत, एक शाळेत शिपाई. मधोमध पत्र्याचा विहार आणि विहारापासून वीस पावलांवर विहीर. विहिरीच्या मागे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे पंप. ज्या बाईंनी पोस्टकार्ड लिहवून घेतलं होतं त्यांना सगळी वस्ती मावशी म्हणायची, मीही म्हणू लागले. पन्नाशी उलटलेली, नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा सून-नातवंडांना घेऊन बदलापूरला ब्लॉकमध्ये राहायला गेलेला. ही एकटीच इथे.

“कुठली गं तू?”

“अंबरनाथचीच. वडील कारखान्यात ऑफिसर आहेत.”

“आडनाव?”

मी सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली आणि आत गेली. घासून लख्ख केलेल्या स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आली. मी पेला तोंडाशी नेला, वास आला, तसाच खाली ठेवला. वही काढून लिहायला लागले: वास, पेट्रोलसारखा, स्पष्ट. मान वर केली तर दारातल्या चार बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, पेल्याकडे बघत होत्या. मावशीने पेला उचलला.

“चहा करते,” ती म्हणाली. “चहा चालतो बऱ्याच जणांना.”

मी म्हणाले, “नको, त्याच पाण्याचा ना?”

हे मी बोलले. आजही मला हे वाक्य ऐकू येतं. तेव्हा मात्र मला वाटलं, मी विज्ञान बोलतेय.

पत्रक दोन दिवसांत लिहून झालं. ते डुप्लिकेटरवर न काढता छापायचं ठरलं. प्रेसवाले सिंधी काका उल्हासनगरच्या एका कॅम्पात, दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद वाचला.

“बेटी, ये डंडी-बिंदी वाला निशान मेरे केस में बारह ही है. तूने सत्रह लगाया.”

“मग?”

“मग काय. पाच जगह गुस्सा कम कर, नहीं तो दुसरे प्रेस में जा.”

पाच उद्गारचिन्हांच्या जागी पूर्णविराम दिला. मथळा शाबूत राहिला: ‘विहिरीत पेट्रोल! वस्तीच्या घशात विष!’ खाली पंपाची जागा, मालकाची मिजास, नगरपालिकेची झोप, सगळं होतं. विहिरीबद्दल दोन ओळी. पत्रक स्टेशनावर वाटलं, कचेऱ्यांत टाकलं आणि त्याचा परिणामही झाला, कधी नव्हे तो. कल्याणहून एक अधिकारी नमुना घ्यायला येणार असं कळलं. मी धावत वस्तीवर गेले.

“मंगळवारी साहेब येतोय. सगळ्यांनी हजर राहा. बायकांनी खास.”

“येऊ दे की,” मावशी म्हणाली. “आम्ही तयारी ठेवतो.”

मंगळवारी मी अधिकाऱ्याला घेऊन पोचले, तर विहिरीचा कठडा चुन्याने पांढराशुभ्र. भोवती सडा, पायरीशी रांगोळी. तीन दिवस सगळ्या वस्तीने आळीपाळीने पाणी उपसलं होतं, दोन जणांनी आत उतरून तळाचा गाळ काढला होता, कडा काथ्याने घासल्या होत्या आणि दवाखान्यातून आणलेली ब्लीचिंग पावडर अख्खी पिशवी ओतली होती. बायका धुतलेल्या साड्या नेसून उभ्या होत्या. अधिकाऱ्याने वाकून पाहिलं आणि तोंडभर हसला.

“व्वा! अशी विहीर मी तालुक्यात पाहिली नाही.”

त्याने बाटली भरली. अहवाल यथावकाश आला. तेल नाही, पेट्रोल नाही, वास क्लोरीनचा. पिण्यास हरकत नाही.

तो कागद हातात घेऊन मी वस्तीवर गेले आणि भर विहिरीवर ओरडले, “कुणी सांगितलं होतं विहीर धुवायला? घाण तशीच राहू द्यायची होती!”

घागरी भरत होत्या त्या बायका थांबल्या. मावशीने दोर कठड्याला बांधला, हात पुसले.

“साहेब येणार म्हटल्यावर आम्ही घाण दाखवायची?”

“अहो, पुरावा होता तो!”

“तू पाणी प्याली नाहीस त्या दिवशी,” ती म्हणाली. “आम्ही म्हटलं, आता असं करू की कुणालाच नको म्हणता यायचं नाही.”

“पाण्याला वास होता, मावशी.”

“हो ना. आमच्या पाण्याला वास येतोच लोकांना. माझ्या सासूच्या वेळेपास्नं येतोय.”

एक तरुण पोरगी फिसकन हसली. मला सांगता आलं असतं की मी तसली नाही, माझ्या घरी कुणी तसलं मानत नाही. दुसरा भाग तर खोटाच होता. मी सायकल घेऊन निघाले. त्या रस्त्यावर पहिल्यांदाच मी पेट्रोलचा नाही, त्या पेल्याचा विचार करत होते.

मग एकेक गळत गेलं. संघटनेच्या बैठकीत ठरलं की नाल्याचा प्रश्न मोठा आहे, विहीर तूर्त बाजूला ठेवू. तूर्त म्हणजे कायमचं, हे बैठकीला बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. वडील म्हणाले, “पंपामागच्या विहिरींत वाकून बघण्यासाठी तुला शिकवलं का?” मी म्हणाले, “शिकवलं असतं तर बाटली कशी भरायची ते तरी आलं असतं.” त्यानंतर आम्ही बोलणं बंद केलं. मी उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यावर खोली घेतली. खाली दिवसभर शिलाई मशिनं चालायची, जमीन थरथरायची. खोलीत माझा आवाज मला फक्त खोकले तरच ऐकू यायचा.

पंपाच्या मॅनेजरकडेही गेले होते. साठीला टेकलेले गृहस्थ, पांढरा सफारी, पेरूच्या फोडी खात बसलेले. टेबलाच्या काचेखाली माझं पत्रक.

“या बेबी, बसा. शेठना दाखवलं तुमचं. फार हसले.”

“तुमची टाकी गळतेय.”

“जमिनीखालची टाकी. मला काय दिसणार तिकडचं? रोज सकाळी काठी घालून मोजतो, तेवढंच.” मग आवाज उतरवून, “आमच्या नळाला जांभूळच्या शुद्धीकरण केंद्राचं पाणी आहे. न्यावं ना वस्तीने, कोण नको म्हणतंय? फक्त गाड्यांच्या मध्ये यायचं नाही, रांग लावायची आणि आधी विचारायचं.”

मी हा निरोप मावशीला दिला. तोडगा म्हणूनच दिला, इतकी मी मूर्ख होते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “विचारून पाणी घ्यायचं ते आमचं संपलंय. मग खणली कशाला ही?”

त्या दिवशी तिने सांगितलं. धर्म बदलला तेव्हा वस्तीने मेलेली गुरं ओढणं सोडलं. गावाने पाणी बंद केलं. मावशी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. नऊ पुरुष कारखान्याच्या सुट्टीला, दर रविवारी, खणायचे. बायका माती वाहायच्या. दोन उन्हाळे गेले. पाणी लागलं तेव्हा तिचा नवरा आत होता आणि वर यायलाच तयार नव्हता, गुडघाभर पाण्यात बसून राहिला. “वरून आम्ही हाका मारतोय, आणि हा आपला बसलाय म्हशीसारखा,” ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, “तू सांग. ही विहीर राहते का जाते?”

प्रश्न तेवढाच होता. पंपाची मिजास आणि नगरपालिकेची झोप मीच त्यावर चढवलेली होती. मला उत्तर माहीत नव्हतं.

म्हणून सरांकडे गेले. त्यांनी अहवाल वाचला, पत्रक वाचलं आणि विचारलं, “नमुना घेता येतो तुला?”

“नाही.”

“मग हे सगळं कशाच्या जोरावर लिहिलंस?”

त्यांनी शिकवलं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून आधी वरचा थर घ्यायचा. तोही पहिली घागर आत पडायच्या आधी, पाणी रात्रभर निवांत राहिलेलं असताना. बाटली आडवी सोडायची, काठोकाठ भरायची. झाकण लावून उलटी करायची आणि आत बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरायची, कारण जे शोधायचंय ते त्या बुडबुड्यात उडून बसतं. पाण्याची पातळी नमुन्याच्या आधी मोजायची, नेहमी एकाच खुणेपासून. मी कठड्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. “एका नमुन्याला काही अर्थ नसतो,” सर म्हणाले. “वर्षभर आण. मग बोलू.”

वर्षभर! मी दोन दिवसांत पत्रक काढणारी बाई.

पहिले पाच-सहा महिने वस्तीत माझ्याशी कुणी बोललं नाही. पोरंसुद्धा लांबून बघायची. मी कठड्यावर वाकून सुतळी सोडायचे, गाठी मोजायचे, वहीत मांडायचे, बाटली भरायचे, उलटी करायचे. कुंपणापलीकडे पंपावरचा माणूस गाड्यांच्या काचा पुसता पुसता म्हणायचा, “आली आमची डॉक्टरीण. नाडी बघायला.” तो बोलला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं, इथवर वेळ आली होती. परतताना वडिलांच्या क्वार्टरवरून सायकल न्यायचे, गॅलरीत आईच्या साड्या वाळत दिसायच्या, मी थांबायचे नाही. दिवाळीत प्रेसवाल्या काकांनी मिठाईचा पुडा दिला, “अड़े, त्योहार में अकेली?” म्हणाले. तो मी खोलीवर बसून एकटीने संपवला आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. पत्रकातून तुम्ही हजार लोकांशी बोलता. पाण्याचा नमुना घेताना तुमचं बोलणं ऐकायला कुणी लागत नाही. मला ते जड गेलं.

पण वही बोलायला लागली. पावसाळ्यानंतर पातळी वर, वास जवळजवळ नाही. होळीपासून गाठी वाढत जायच्या, म्हणजे पाणी खाली, आणि वास वाढत जायचा. सकाळच्या पहिल्या उजेडात निवळ पाण्यावर रंगीत पापुद्रा दिसायचा. पहिली घागर पडली की तो फाटायचा, दहाव्या घागरीला दिसेनासा व्हायचा. पालेगावच्या वाटेवरची विहीर वर्षभर स्वच्छ. हातपंप स्वच्छ. गॅरेजची बोअर कधी होय, कधी नाही. वस्तीची विहीर: होय, होय, होय.

एका शनिवारी मागून आवाज आला. “किती गाठी?”

मावशी होती. “एकतीस,” मी म्हणाले.

“मागल्या खेपेला?”

“सव्वीस.”

तिने पदराने कठडा पुसला आणि बसली. म्हणाली, “भात मी आता झाकण काढून शिजवते. वास उडून जातो.” मग पुन्हा, “त्या वेळी आत उतरले होते ना दोघं, गाळ काढायला. भोवळ आली होती त्यांना. दोराने वर ओढले.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू विचारायला थांबलीस कुठं? ओरडून गेलीस.”

तिला वास येत होता. पहिल्यापासून येत होता, पोस्टकार्ड तिनेच लिहवलं होतं. मधल्या काळात तिने तो नाकारला होता, कारण मी पेला खाली ठेवला होता.

वर्ष भरलं. सरांनी सगळे निकाल एका कागदावर ओळीने मांडले. तो कागद घेऊन मी त्याच अधिकाऱ्याकडे गेले. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “खाजगी तपासणी आम्ही धरत नाही, मॅडम.” मी म्हणाले, “धरू नका. या, आणि स्वतः घ्या. सकाळी साडेसहाला. न सांगता.” मी रोज जाऊन त्याच्या टेबलासमोर बसू लागले. आठव्या दिवशी तो म्हणाला, “एकदा. शेवटचं.” वैशाखातली एक सकाळ ठरली, पाणी सगळ्यात खाली असतं ते दिवस.

आणि नेमकी त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा. त्याआधी दर वर्षी वस्ती विहीर उपसते, धुते, चुना लावते. पहिल्यापासूनची पद्धत आणि त्यात पुढे कोण, तर मावशी. मला तिला सांगणं भाग होतं. तिने ऐकून घेतलं.

“म्हणजे धुवायची नाही.”

“साहेब येऊन जाईपर्यंत नाही. आणि कुणाला सांगायचंही नाही. सांगितलं तर कोणीतरी धुणारच.”

“हो, धुणारच,” ती म्हणाली. “मीच धुतली असती.”

तिने स्वतःच्या माणसांना खोटं सांगितलं. गुडघे धरलेत, मी उभी राहिल्याशिवाय हात लावायचा नाही, दोन दिवस थांबा. बायका कुरकुरल्या, एकीने तोंडावर म्हटलं, “म्हातारीला मान पाहिजे.” विहिरीत पिंपळाची पानं पडली, पेंढा पडला, पंपावरून उडालेली प्लास्टिकची पिशवी येऊन तरंगत राहिली. मावशी रोज ते बघत होती आणि पाणी त्यातूनच भरत होती.

अधिकारी आला तेव्हा ती कठड्याशी उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. त्याने आत पाहिलं.

“काय हो हे! मागच्या वेळी काय सुंदर होती. एवढी घाण? हेच पाणी पिता ना तुम्ही?”

माझ्या तोंडात सतराच्या सतरा उद्गारचिन्हं आली. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं, बांगडी रुतेल इतकं.

“चुकलं, साहेब,” ती म्हणाली.

“शिकलेली माणसं ना तुम्ही आता? स्वच्छता पाळायला नको?”

“पाळू, साहेब.”

त्याने बाटली आडवी सोडली. तेवढं मी त्याला सांगितलं होतं. पाण्यावरचा पापुद्रा त्यालाही दिसला. त्याने बोट बुडवून नाकाशी नेलं आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं. माफी मागितली नाही. त्याची जीप गेल्यावर मावशीने माझं मनगट सोडलं, घरात गेली आणि कडी लावली. त्याच दुपारी तिने बायकांना हाका मारून विहीर धुवायला काढली. मीही माती वाहिली. मला कुणी नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही.

अहवाल या वेळी वेगळा आला. नगरपालिकेने विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं. पंपाची जमीन खणून जुनी टाकी काढली. तिला तळाशी भोकं होती, बोट जाईल एवढी. नवी टाकी आली. वस्तीला रस्त्याच्या कडेला नळ मिळाला, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. कुणाला विचारून नाही, स्वतःचा. संघटनेला अचानक विहीर आठवली आणि त्यांनी विजयाचं पत्रक काढलं. मला लिहायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले. चार वेळा कागद घेऊन बसले, पण मावशी सोडून लिहिता येईना आणि मावशीचं काय लिहायचं ते समजेना. ती म्हणाली ‘चुकलं, साहेब’, हे लिहायचं?

तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. विहीर गेली.

मी नमुने थांबवले नाहीत. टाकी बदलली म्हणून जमिनीत मुरलेलं पेट्रोल निघून जात नाही, ते पाण्याबरोबर कुठे सरकतंय हे बघावं लागतं. सर म्हणाले, “आणखी दोन वर्षं तरी.” जाळीच्या एका चौकटीतून सुतळी आणि बाटली कशीबशी आत जायची. आता पहिल्या घागरीची घाई नव्हती. घागर पडणारच नव्हती. वस्ती नळावर असायची, भांडणं, हसणं, सगळं तिकडे. विहिरीपाशी मी एकटी. मावशी रांगेत दिसायची, मान हलवायची, पण येत नव्हती. गाठी किती, हे तिने परत कधी विचारलं नाही.

जाळी बसल्यावर तीनेक महिन्यांनी एक दिवस ती समोर येऊन उभी राहिली. रागावलेली होती.

“पत्रकवाली ना तू? हे वाचलंस का?”

नगरपालिकेने जाळीवर पत्र्याची पाटी ठोकली होती. पांढऱ्यावर लाल: ‘बौद्ध वस्तीची विहीर. पाणी दूषित. वापरू नये.’ मी तीन महिने त्या पाटीखाली बसून बाटल्या भरत होते.

“येणारा-जाणारा वाचतो,” ती म्हणाली. “बसमधनं दिसतं. काय समजंल तो? ह्यांची विहीर, ह्यांनी घाण केली. पेट्रोल कुठं लिहिलंय? पंपाचं नाव कुठं आहे?”

कुठेच नव्हतं. मी नगरपालिकेत अर्ज दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. क्लार्क म्हणाला, “मॅटर क्लोज झालाय, ताई. पाटी बरोबर आहे की.” बरोबरच होती. तीन वाक्यांतलं एकही खोटं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी खोक्यात रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. रंग असा की त्याच्या वासाने नमुना वाया जाणार, म्हणून आधी बाटल्या भरल्या, उलट्या करून पाहिल्या, लांब नेऊन विहाराच्या ओट्यावर सावलीत ठेवल्या. मग जाळीवर चढले. मोकळ्या जागेत लिहायला लागले: ‘पेट्रोल पंपाच्या टाकीतील गळतीमुळे’. हातपंपावर जाणारा एक माणूस थांबला, बघितलं, निघून गेला. पंपावरचा माणूस काचा पुसायचा थांबला. नळाची रांग माझ्याकडे बघत होती. पुढे कुणी आलं नाही. पत्रा उन्हाने तापायला लागला होता आणि ब्रश जाड होता, अक्षरं एकमेकांवर चढत होती.

रांगेतून मावशीचा आवाज आला, घागर खाली न ठेवता, भांडायच्या सुरात.

“एवढं बारीक कोण वाचणार गं? मोठं काढ! रस्त्यावरनं दिसलं पाहिजे!”

मी चिंधीने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून मोठं काढायला घेतलं.